तिसरा रकाना

शेंडगे सरांची आणि माझी शेवटची भेट झाली, असं म्हणणं खोटं ठरेल. अंबाजोगाईच्या बसस्थानकावर ते दिसले आणि मी पेपरच्या स्टॉलमागे चक्क लपले. चाळिशीची बाई, शाळेत मराठी शिकवणारी, आणि लपतेय कुणापासून, तर ज्यांनी मला वाचायला शिकवलं त्यांच्यापासून! महिन्याभरात सर गेल्याचा निरोप आला... तेव्हाही मी गेले नाही.

सर आम्हाला कॉलेजात मराठी शिकवत. घर मेंढपाळांचं, चौसाळ्याकडचं; गावची बोली त्यांनी वर्गातही सोडली नव्हती. जुनी गोष्ट नवा लेखक कशी बदलतो, हा त्यांचा जिव्हाळ्याचा विषय. फळ्यावर तीन रकाने आखायचे: जुनं, नवं आणि तिसऱ्यावर 'कावून', म्हणजे का म्हणून. एकच लोककथा आम्ही आपापल्या घरून ऐकून यायचो आणि ती बदलून लिहायचो. कुणी नुसतीच उतरवून आणली की सर खडू आपटायचे. "उचललंस ते दिसलं की. पर तू काय घातलंस त्यात? आन् कावून?" तिसरा रकाना रिकामा राहिला तर चोरी, भरला तर गोष्ट तुझी, असा त्यांचा साधा कायदा.

सरांची स्वतःची एक कथा कॉलेजच्या वार्षिक अंकात छापलेली होती. एक मेंढपाळ आपली लाडकी मेंढी विकतो. त्याची बायको दारात उभी असते, गप्प. ती गप्प बाई माझ्या डोक्यातून हलेना. पुढं मी तीच कथा तिच्या तोंडून लिहिली, दिवाळी अंकात आली, वाहवा झाली... आणि सरांचं नाव मी कुठंच घातलं नाही. विचारायची भीती वाटली, एवढंच खरं. मग एका मैत्रिणीनं हसत हसत सुनावलं, "सरांची गोष्ट ढापलीस की गं!" त्या दिवसापासून मी त्यांच्या गल्लीनं जाणंच सोडलं. आठ वर्षं.

सर गेल्यावर तीन आठवड्यांनी काकूंचा, म्हणजे त्यांच्या पत्नीचा, फोन आला. "तुझ्यासाठी वही ठिवलीय त्यांनी. घिऊन जा." पाय उचलत नव्हते, तरी गेले. काकूंनी चहा पुढं ठेवला. "कावून येत नव्हतीस बाई? दरसाल पोरांना तुझी गोष्ट शिकवायचे. येईल तिची ती, म्हणायचे. मला बी वाचून दाखिवली. त्यातली बाई बोलती, ते लई बरं वाटलं." वहीत तेच तीन रकाने. पहिल्यात त्यांची कथा, दुसऱ्यात माझी, माझ्या पूर्ण नावासकट. तिसऱ्यात त्यांच्या तिरप्या अक्षरात लिहिलं होतं: 'माझ्या गोष्टीतल्या बाईला मीच बोलू दिलं न्हाई. पोरीनं दिलं.' मी तिथंच रडले, पण ते रडणं सुटकेचं होतं. सरांच्या लेखी मी चोर नव्हते, कधीच नव्हते! स्टॉलमागे लपल्याची लाज तेवढी राहिली, ती राहू दे.

वही आता शाळेत माझ्या टेबलावर असते. परवा नववीतल्या एका मुलीनं माझीच कथा बदलून आणली. तिच्यात विकलेली मेंढी बोलते. कागद पुढं करताना ती चाचरत होती. मी फळ्यावर तीन रकाने आखले. पहिल्यात सरांचं नाव लिहिलं, त्याखाली माझं, दुसऱ्यात तिचं... आणि खडू तिच्या हातात दिला.