लाइट आली का सांगणारं पान

प्रोग्रॅमिंगची नवी भाषा शिकायची म्हटली की जो तो शिकवणारा आधी कामांची यादी करायला लावतो. दूध आणा, बिल भरा, काम झालं की खूण करा. त्या यादीचा मला वीट आला होता. पुण्याच्या एका कंपनीचं टेस्टिंगचं काम मी माकणीजवळच्या आमच्या घरातूनच करते, आणि आमच्या घरात कामांची यादी आई तोंडीच म्हणते, दिवसातून चार वेळा. तिला वेब अ‍ॅप्लिकेशनची गरज नाही.

गरज दादांना होती. दादा म्हणजे माझे वडील. त्यांचा उजवा गुडघा कामातून गेलाय. डॉक्टरांनी चालणं कमी करा म्हणून बजावलंय, आणि शेत ओढ्याच्या पलीकडं. मोटारीची लाइट यायची ती दुपारी, पण वेळेवर येईल तर शपथ. आली का बघायला दादा लंगडत जायचे, बांधावर बसून बसून परत यायचे, चहा होतोय न होतोय तोच पुन्हा निघायचे. लाइट आली की आपोआप मोटर चालू करणारा ऑटो सगळ्यांनी लावून पाहिला होता. एकाच वेळी सगळ्या मोटारी चालू झाल्या आणि डीपी, म्हणजे सगळ्यांचा मिळून असलेला ट्रान्सफॉर्मर, जळाला. तेव्हापासून ऑटो बंद. संध्याकाळी त्यांचा गुडघा मीच तेलानं चोळायचे. ती सूज रोज हाताला लागायची. म्हणून ठरवलं, नव्या भाषेतलं पहिलं काम हेच.

मोबाइलवर उघडणारं एक पान. हिरवं बटण ‘आली’, लाल बटण ‘गेली’, आणि वर शेवटची खबर किती वाजताची आहे तेवढं. आमच्या डीपीवरचा जो कोणी शेतात असेल त्यानं दाबायचं, घरी असलेल्यांनी बघायचं. एवढ्याशा पानासाठी त्या गो नावाच्या भाषेनं माझा जीव खाल्ला. एखादं नाव सांगून ठेवलं आणि पुढं वापरलं नाही, तर ती प्रोग्रॅमच उभा करत नाही. इतकी खडूस भाषा मी पाहिली नव्हती. तिची मनधरणी झाली, तर पान वेळ साडेपाच तास मागची, ग्रीनिचची, दाखवायला लागलं. तेही निस्तरलं आणि डीपीवरच्या सगळ्या घरांना पान पाठवून दिलं.

सुरुवातीला सगळं छान चाललं. दादा ओसरीवर बसून मोबाइल बघायचे, हिरवं दिसलं की एकदाच जायचे. गुडघ्याची सूज उतरली. मी मनातून फुगले होते.

मग पान लालच राहायला लागलं. दादा दुपारभर घरी, आणि शेतात वांग्यांनी माना टाकलेल्या. मला वाटलं, चूक माझीच. सगळा प्रोग्रॅम पुन्हा पुन्हा वाचून काढला, स्वतःच्याच ओळींची किळस येईपर्यंत. चूक सापडेना. सुट्टीच्या दिवशी तडक शेतात गेले. शेजारच्या रानात माझे थोरले चुलते सरीत पाय टाकून उभे होते आणि त्यांच्या पाइपातून पाणी धो धो पडत होतं. माझ्या मोबाइलवर लाल ‘गेली’, आत्ताच दाबलेलं.

“काका, लाइट तर हाय की. मग हे कुणी दाबलं?”

“म्या,” ते हसत म्हणाले. “सगळ्यांनी मोटारी टाकल्या की व्होल्टेज पडतंय. निम्मे घरी बसले तर पाणी कसं दणक्यात येतंय बघ. लई कामाचं केलंस, बाई.”

“अन् दादांचा गुडघा?”

“जप म्हणावं त्याला. बस म्हणावं घरीच.”

मला शिसारी आली. त्यांच्या हसण्याची, त्या पाण्याची, माझ्या लाल बटणाची. घरी येऊन दादांना सगळं सांगितलं. दादा म्हणाले, “लोकं लई नीच झालीत.” दुसऱ्या दिवसापासून ते जेवणाआधीच शेतात जायला लागले. मी हट्टाला पेटले. बटण कुणी दाबलं त्याचं नाव पानावर दिसेल, अशी सोय केली. ती दाखवायला आणि चहा द्यायला म्हणून दुपारी शेतात गेले.

आमची मोटर चालू होती. वांग्याच्या सऱ्या भरत होत्या. दादा लिंबाखाली पाय लांब करून बसले होते, मोबाइल डोळ्यांजवळ धरून, आणि त्यांचा अंगठा लाल बटणावर होता.

“दादा, काय करायलात?”

ते दचकलेसुद्धा नाहीत. “आपली वांगी भिजू दे की आधी. मग दाबतो हिरवं.”

मी म्हणाले, आता पानावर नाव दिसतं. त्यांनी थोडा विचार केला. “सगळ्यांचं दिसू दे,” ते म्हणाले. “आपलं तेवढं काढ.”

एका ओळीचं काम होतं. मी चहाची किटली तिथंच ठेवली, घरी आले आणि पानच काढून टाकलं. डीपीवरची माणसं अजून विचारतात, ते पान का बंद केलंस, लई चांगलं होतं.

दादा पुन्हा दिवसातून तीनदा लंगडत जातात. गुडघा पहिल्यासारखा सुजलाय. संध्याकाळी ते तेलाची वाटी माझ्यापुढं सरकवतात, आणि मी आईला हाक मारते.