सीलच्या तोंडावरच्या पट्ट्या

गोखिवऱ्याच्या त्या कारखान्यात मी नऊ वर्षं ड्रॉइंग काढली. आता विचाराल तर त्यातलं एकच नीट आठवतं, चुकलेलं. बाकीची बरोबर होती म्हणून विसरले असेन. किंवा थकले असेन, तेही असेल.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. पत्र्याची शेड, चार लेथ, एक ड्रिल मशीन, शेठची काचेची केबिन आणि केबिनबाहेर माझा ड्रॉइंग बोर्ड. मोठ्या कारखान्यांतली यंत्रं परदेशी असत आणि त्यांची ड्रॉइंग कुणी देत नसे. म्हणून झिजलेला भागच आमच्याकडे यायचा. त्याला आम्ही नमुना म्हणायचो. नमुन्याची मापं मी कागदावर उतरवायची आणि मिस्त्रींनी तसाच नवा भाग लेथवर काढायचा. मूळ किती आणि झीज किती, हे ठरवणं माझ्याकडे होतं. सही पण माझीच.

मिस्त्री कळंबचे. घरातले सगळे समुद्रावर जाणारे, हे एकटे लेथवर आलेले. मी डिप्लोमा करून आले होते खरी, पण मायक्रोमीटर कसा हलक्या हाताने धरायचा ते मला त्यांनी शिकवलं. ते मला बाय म्हणत, मी त्यांना मिस्त्रीकाका. निर्मळहून दोन एसट्या बदलून मी पोचायची तेव्हा त्यांचा लेथ चालू झालेला असायचा. मला उशीर झाला तर म्हणायचे, "आली का मॅडम? आता कारखाना चालू करूया." मला राग यायचा आणि हसूही यायचं.

त्या शुक्रवारी एका रसायनांच्या कारखान्यातून कॉम्प्रेसरचं सील आलं. कॉम्प्रेसरमध्ये एक जाडजूड दांडा भयंकर वेगाने फिरतो, तो रोटर. त्याच्यावरच्या चाकांनी गॅस दाबला जातो. दाबलेला गॅस दांड्याच्या कडेने मागे पळू बघतो. त्याला अडवायला दांड्याभोवती आतून दाते काढलेलं ॲल्युमिनियमचं कडं बसवतात, ते सील. ते दांड्याला टेकत नाही, मध्ये अगदी बारीक फट असते. आलेलं सील पार खाल्लेलं होतं, दाते बोथट, कडा काळ्या.

ईस्टरआधीच्या उपवासकाळातला शुक्रवार होता. संध्याकाळी चर्चमध्ये क्रूसाच्या वाटेची प्रार्थना होती, आईला न्यायचं होतं, आणि पाचची एसटी चुकली तर सगळंच चुकणार होतं. मी पर्स खांद्याला लावली आणि मिस्त्रीकाकांनी हाक मारली.

"बाय, ह्या तोंडाशी बारीक पट्ट्या हायेत बघ. पाच-सहाच राह्यल्यात. मुद्दाम लावल्यासारख्या वाटतात."

"घाण साचली असेल. नाहीतर कुणीतरी दुरुस्तीत ठोकलंय काहीतरी. काढून टाका."

"एकदा बघ तरी."

"बघितलं हो."

बघितलं नव्हतं. एसटी मात्र मिळाली.

नवं सील झालं ते इतकं देखणं की शेठनी ते केबिनमध्ये टेबलावर ठेवून आल्यागेल्याला दाखवलं. गॅस शिरतो ते तोंड आरशासारखं गुळगुळीत. फट मी मूळच्यापेक्षाही कमी ठेवली होती, म्हणजे गॅस कमी गळेल, गिऱ्हाईक खूष होईल. आमच्याकडे हीच खोड होती. मिळालेल्या वस्तूपेक्षा आपली जास्त गुळगुळीत, जास्त घट्ट झाली पाहिजे.

कॉम्प्रेसर चालू झाला, पूर्ण वेगाला पोचला, काही नाही. मग दाब चढवायला लागले आणि एका ठिकाणी रोटर असा थरथरायला लागला की यंत्र आपोआप बंद पडलं. पुन्हा चालू केलं, पुन्हा त्याच दाबाला तेच. त्यांनी रोटर काढून तोलून बघितला, बेअरिंगं बदलली. शेवटी उरलं सील. निरोप आला, तुमचं कडं गोल नाही.

शेठनी मिस्त्रीकाकांना सगळ्यांसमोर विचारलं, "हात गेला की काय तुमचा?" सोमवारपासून त्यांच्या लेथवर दुसरा माणूस आला आणि त्यांना ड्रिल मशीनवर बसवलं. चोवीस वर्षं लेथ चालवलेला माणूस भोकं पाडत बसला. मी बोर्डावर मान खाली घालून रेघा ओढत होते. त्यांनी एकदा जरी म्हटलं असतं की बायला विचारा, तर मी मेल्याहून मेली झाले असते. ते म्हणाले नाहीत.

आठवड्याने शेठनी मला त्या कारखान्यात नेलं, मापं पुन्हा घ्यायला. तिथले वयस्क इंजिनियर आमच्याइतकेच वैतागले होते. त्यांनी थरथरीच्या आलेखाचा कागद पुढे टाकला. "रोटर बेतोल असता तर एका फेरीला एक हेलकावा दिसला असता," ते म्हणाले. "हा दोन फेऱ्यांत जेमतेम एक आहे. आणि वेग तोच, नुसता दाब वाढवला की येतो. मला यात रोटरचा दोष दिसत नाही."

परतताना जीपमध्ये माझ्या डोक्यात ते उलगडत गेलं. वेग तोच आणि फक्त दाब वाढला की थरथर, म्हणजे करणारा गॅसच. फिरत्या दांड्याबरोबर गॅसही फिरत असतो आणि तसाच फिरत सीलमध्ये शिरतो. दांडा केंद्रापासून जरासा सरकला की हा फिरता गॅस त्याला मागे केंद्राकडे ढकलत नाही, गोल वाटेनेच पुढे रेटतो. दाब जितका जास्त तितका गॅस दाट, रेटा मोठा. एका मर्यादेपर्यंत बेअरिंगमधलं तेल ते सोसतं, मग नाही सोसत. त्या तोंडावरच्या पट्ट्या गॅसचं फिरणं आत शिरण्याआधीच मोडण्यासाठी होत्या. आणि त्या मी घाण म्हणून काढायला लावल्या होत्या. वर फट कमी केली होती, त्याने रेटा आणखीच वाढला होता.

दुसऱ्या दिवशी मी नवं ड्रॉइंग काढलं. पट्ट्या पूर्ण गोलाभोवती घातल्या, फट मूळची होती तेवढी केली. शेठनी विचारलं, "हे काय नवीन?" मी गॅसचं सगळं समजावलं. फक्त जुन्या नमुन्यावर त्या पट्ट्या होत्या, एवढं एक वाक्य गाळलं. पट्ट्या लेथवर निघत नाहीत, कानशीने हातानेच काढाव्या लागतात, आणि तो हात एकाच माणसाकडे होता. मिस्त्रीकाकांनी ड्रिल मशीनच्या बाजूला बसून चार दिवस त्या घासल्या. कॉम्प्रेसर पूर्ण दाबाला शांत चालला. शेठ सगळ्यांना सांगत सुटले, मिस्त्रीने घालवलं आणि पोरीने सावरलं.

पापकबुलीच्या वेळी मी फादरांना सांगितलं, जाळीच्या पलीकडे. ते म्हणाले, ज्याचं नुकसान झालं त्याचं भरून दे. जाळीतून सांगणं किती सोपं असतं हे तेव्हा कळलं.

मिस्त्रीकाकांना निवृत्त व्हायला वर्ष उरलं होतं, ते त्यांनी ड्रिलवर काढलं. शेवटच्या दिवशी चहा झाला, नारळ दिला, लोक पांगले. ते माझ्या बोर्डाशी आले आणि म्हणाले, "बाय, त्या पट्ट्या करतात काय, ते मला कोनी सांगितलंच नाय."

मी कागद ओढला आणि गोल काढले. कढीत पळी गरगर फिरवली की कढीच मग पळीला रेटते ना, तसं, म्हटलं. ते लहान मुलासारखे वाकून बघत होते. मधे मधे, "असं व्हय," म्हणत होते. सगळं संपल्यावर त्यांनी कागदावर बोट ठेवलं.

"म्हंजे मी तवा इचारलं ते बरोबर व्हतं."

"हो काका. बरोबर होतं. चूक माझी."

"मग ते शेठला सांग ना."

आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. शेठ केबिनमध्येच होते, दहा पावलांवर, काचेतून दिसत होते. मी म्हटलं, "उद्या सांगते." ते बरं म्हणाले आणि नारळ पिशवीत टाकून निघाले. उद्या ते यायचे नव्हते, म्हणूनच मी उद्या म्हटलं होतं.