नाक्यावर उतरवलेली मैत्रीण

पिकलेल्या सीताफळांचा वास आला की कमलनगरची जीप आठवते. मी आणि माझी मैत्रीण, दोघी शिक्षिका, शाळेतून परतत होतो. नाक्यावर पोलीस प्रत्येकाला गाव विचारत होता. तिनं पारधी वस्ती सांगताच तो म्हणाला, "खाली उतरा, पिशवी दाखवा." त्यानं पिशवी उलटी केली आणि सीताफळं डांबरावर पडून फुटली. मीही उतरून माझी पिशवी पुढं केली. "तुमची कशाला, अक्का? बसा तुम्ही." तेव्हा तीच म्हणाली, "कामून? बघायचं तर सगळ्यांचं बघा, न्हाईतर कुणाचंच नको." पुढच्या वर्षी तिनं गुलबर्ग्याला बदली घेतली. मधल्या सुट्टीत अजून तिच्यावाचून करमत नाही. फोनवर मी "ये की गं" म्हणते. ती म्हणते, "तूच ये. त्या रस्त्यानं मला न्हाई यायचं."