सटवा कुठं हाय?

सगुणाबाईला पोर झालं न्हाई, पण तिची मांडी रिकामी न्हवती. ताडकळसच्या अलीकडं आमच्या गावात हे शेंबड्या पोरालाबी ठाऊक होतं.

देशमुखांच्या घराण्याची कथा अशी. कवातरी गढीवर मारेकरी आले, सगळ्यांना कापलं, पाळण्यातलं एक बाळ तेवढं उरलं. गढीत राबणाऱ्या बाईनं ते पदराखाली लपवलं आन् पाळण्यात आपलं तान्हं पोर, सटवा, ठेवलं; मारेकऱ्यांनी त्यालाच देशमुखाचं समजून कापलं. वाचलेल्या बाळापासून देशमुख वाढले. खरं-खोटं कुणाला ठाऊक! पण देशमुखांच्या दर लग्नात भाट ही कथा गायचा, "सटवा कुठं हाय?" इचारायचा, आन् त्या बाईच्या घरची सून पदर पसरून म्हणायची, "माझ्या मांडीवर हाय." देशमुखीण तिची ओटी भरायची, मगच नवरीला हळद लागायची.

सगुणाबाई त्याच घरची सून. बौद्ध झाल्यावर तिनं गढीची बाकी सगळी कामं सोडली. वस्तीतली माणसं म्हणायची, "हेबी सोड की!"

"देशमुखासाठी कोण जायलंय?" ती म्हणायची. "मी लेकरासाठी जाते."

चौऱ्याहत्तर साली भगवानराव देशमुखांच्या लेकीचं लग्न निघालं. सोयरीक लय मोठ्या घरची. भुजंग भाट म्हंजे सगुणाबाईचा मानलेला भाऊ. सकाळी तिच्याच ओसरीवर भाकर-ठेचा हाणून गढीवर गेला. एका शब्दानं बोलला न्हाई, मेला!

मांडवात ती पदर पसरून बसली. भुजंगानं कथा धरली. मारेकरी आले, पाळणा आला, आन् एकदम "साक्षात भवानीनं बाळ उचललं!" व्याही खूश. भगवानराव मिशीत हसले.

विसरला असंल, असं बाईला वाटलं. ती तशीच पदर धरून बसली. पण भुजंग तिच्याकडं बघंना. तवा तिला कळलं, ह्यानं मुद्दाम गाळलंय.

ती उठली. "भुजंगा, देवीनं बाळ नेलं म्हणतोस. मग पाळण्यात मेलं कोण रं?"



"अक्का, बस की," तो पुटपुटला. "मालकानं सांगितलं तसं..."

"मालक परकाच हाय. तू माझ्या घरचं खाऊन आलास."

झोपलेलं लेकरू उचलावं तसा तिनं पदर पोटाशी धरला आन् चालू लागली. दाराशी वळून म्हणाली, "सटव्याला मी घरी न्यायलेय. आता कवाच इचारू नगा, कुठं हाय म्हणून."