गाडीतली बाई आणि मसुऱ्याचा तिठा

आता ह्याला हौस म्हणायचं की अक्कल गहाण टाकणं, ते चहा संपेपर्यंत तुम्हीच ठरवा. मी फक्त झालं ते सांगतो.

आमच्या गाडीतला टेप गेला. मालवणात समुद्राच्या वाऱ्यापुढे लोखंडी गेट टिकत नाही, तिथे टेपची काय कथा? जाताना तो आईची भजनांची कॅसेट पोटात घेऊनच गेला. नवा घ्यायला मी म्हापशाला निघालो, तेव्हा आईने एवढंच बजावलं, "कॅसेट वाजात असोच आण हां."

दुकानदाराने दोन टेप समोर ठेवले. एक साधा, कॅसेटचा. दुसऱ्याला कॅसेटची खाच नाही, पण पुस्तकाएवढा पडदा, त्यावर नकाशा, आणि आतून एक बाई इंग्रजीत रस्ता सांगणार. तेव्हा हे प्रकरण नवीन होतं हो, आमच्याकडे कुणाच्याच गाडीत नव्हतं. तरी मी शहाण्यासारखा साध्याकडेच वळत होतो. तेवढ्यात डोक्यात सुलू आली.

सुलू म्हणजे माझी धाकटी बहीण. तिच्यासाठी मसुऱ्याच्या गावकरांचं स्थळ आलं होतं. पत्रिका जुळली होती, आता आम्ही जाऊन घर आणि मुलगा बघायचा होता. आमच्याकडे हे काम गुपचूप करायचं असतं. ठरेपर्यंत वाच्यता नाही. आधीचं एक स्थळ असंच बोभाटा होऊन फिसकटलं होतं आणि सुलू कितीतरी दिवस घराबाहेर पडली नव्हती. ते परत नको होतं मला. पण परक्या गावात एकाला जरी घर विचारलंत, तर तो आधी तुमचं गाव विचारणार, मग आडनाव, मग काम. तुम्ही पोचायच्या आधी बातमी मालवणात पोचलेली असते.

मी दुकानदाराला विचारलं, "ही बाई उलट काही विचारते का?"

"नाही हो. तुम्ही गाव सांगायचं, ती रस्ता सांगणार. बाकी चौकशी नाही."

झालं. पडदेवाला घेतला.

मध्यस्थाचा निरोप होता, "तिठ्यार माणूस उभो असतलो, तो घराकडे नेयत." मी म्हटलं, "मशीन आसताना माणूस कित्याक?"

दिवाळीनंतरची दुपार. मी गाडी चालवतोय, शेजारी मामा, मागे आई, कॅसेटीपायी गाल फुगवून. मसुऱ्याच्या तिठ्यावर, म्हणजे तीन रस्ते मिळतात तिथे, चहाचं दुकान, बाकावर चार माणसं, आणि मोटारसायकलला टेकलेला इस्त्रीच्या शर्टातला एक तरुण. गाडी हळू झाली तसा तो पुढे आला.

"खंय चललात?"

बघा, सुरू झाली चौकशी. "हयच, वायच फिरूक," म्हणत मी काच वर केली.

मामा म्हणाला, "अरे, ह्यो तिठ्यावरचो माणूस तर न्हय?"

"तो असतो तर नाव सांगल्यान नसता?" मी म्हटलं.

बाईने डावीकडे नेलं. रस्ता अरुंद झाला, मग कच्चा झाला, मग खाडीत गेला. समोर पाणी, पाण्यात एक बगळा, आणि बाई म्हणतेय सरळ चला. आईने पहिल्यांदा तोंड उघडलं.

"ही खंयची रे?"

"कोण?"

"बोलता ती. मसुऱ्याची काय?"

"नाय गो, मशीनची."

"मग तिका हयची वाट कशी म्हायत?"

मी गाडी मागे घेतली.

परत तिठा. परत तो तरुण. "वाट चुकलात काय?"

"नाय नाय, देवळात जातंव."

"देऊळ मागे रवला."

"परतताना जातलंव."

बाकावरची माणसं आता चहा सोडून आमच्याकडे बघत होती.

ह्या खेपेला बाईने उजवीकडे नेलं आणि काजूच्या बागेच्या कुंपणाशी जाहीर केलं की आपण पोचलो. घर नाही, माणूस नाही. एक म्हैस होती, तिने आमच्याकडे बघून तोंड फिरवलं.

तिसऱ्यांदा तिठा. तो तरुण आता रस्त्याच्या मधोमध उभा. बिचारा नम्रपणे म्हणाला, "माका सांगा तरी, खंय जावचा आसा?"

नुकतंच ते कुंपण बघून आलेला मी. तोंडातून निघून गेलं, "काजू बघूक इलंव."

"काजू? आता? अजून मोहोर नाय इलो."

बाकावर कुणाला तरी चहाचा ठसका लागला.

आईचा धीर सुटला. मागची काच खाली करून तिने सरळ विचारलं, "बाबा, गावकरांचा घर खंय आसा? आमी मालवणसून इलंव."

मी डोळे मिटून घेतले. आता सुलूचं नाव गावभर होणार.

तो कानापर्यंत लाल झाला. "ह्या काय, दुकानाच्या मागचा. मी तुमचीच वाट बघतंय."

"तू कोण?" मामाने विचारलं.

"ज्याका बघूक इलात तो."

बाई सांगत होती, जमेल तिथून मागे वळा.

"अरे, मग सांगलंस कित्याक नाय?" मी कसंबसं म्हटलं.

"कसा सांगतलंय? तुमी म्हणालात काजू बघूक इलंव. चार माणसांत मी काय सांगू, काजू नाय, माका बघूक इलात?"

घरी त्याच्या वडिलांनी पाण्याचा तांब्या पुढे केला. "वाटेक त्रास नाय मां झालो?"

मी सबब शोधत होतो, तेवढ्यात तोच म्हणाला, "छे, सरळ इले." चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. खरं सांगतो, मला भरून आलं. बहिणीला सांभाळून घेणारा माणूस ह्याहून वेगळा काय असतो?

परतताना मी आईला म्हटलं, "माझ्याकडून होकार."

"तुका कोण विचारता? मी तिठ्यारच ठरयलंय."

मार्गशीर्षात मालवणात लग्न लागलं. नवरा-नवरीला मसुऱ्याला माझ्याच गाडीतून नेलं. पडदा बंद करून त्यावर मी रुमाल टाकला होता. तिठा आला. बाकावर तीच चार माणसं. त्यातला एक मुद्दाम उठून गाडीजवळ आला आणि अगदी गंभीरपणे म्हणाला, "दादानु, खंय चललात?"

मी उत्तर द्यायच्या आधीच मागून, मुंडावळ्या सावरत, माझ्या सख्ख्या बहिणीने सांगितलं, "दादा काजू बघूक इलो."