थांबणारा चरक

साल दोन हजार तीन. मी पासष्टीला टेकलेलो आणि माझा मेहुणा वसंता अजून पन्नाशीच्या अलीकडे. हडपसरला त्याच्या आयटी पार्कासमोर बसची वाट बघत असताना त्याच्या छातीत कळ आली आणि तो तिथंच फुटपाथवर बसला. त्याच्या हाताखाली काम करणाऱ्या एका मुलीनं मला दुकानात फोन केला. आधी इंग्रजीत बोलली, माझ्याकडून काही उत्तर येईना तेव्हा मराठीत आली. "काका, सरांना हॉस्पिटलमध्ये आणलंय. तुम्ही या." मी विचारलं, "कसा आहे?" ती पुन्हा एवढंच म्हणाली, "तुम्ही या ना काका..." तेव्हाच मला कळलं. मी एका रसवंतीच्या मोटरच्या झाकणाचे बोल्ट आवळत होतो. हातातला बोल्ट पुरता आवळला, पाना जागेवर ठेवला, कुलूप घातलं आणि रिक्षात बसल्यावर ध्यानात आलं की कुसुमला सांगायचं राहिलं. कुसुम म्हणजे माझी बायको. वसंता तिच्या पाठचा भाऊ.

मी चौथी शिकलोय. हडपसरला मोटर रिवायंडिंगचं दुकान टाकून उभा जन्म त्यात काढला. जळलेली मोटर खोलायची, काळं पडलेलं तांबं उपसायचं, नवी तार भरायची, वार्निश द्यायचं, वाळवायची. हे लिहिलेलं नात तपासते आहे. तिनं शुद्धलेखन बघावं, वाक्यं बदलू नयेत. बदललेली मी परत होती तशी करून घेतली आहेत.

वसंताच्या उजव्या हाताला दोन बोटं नव्हती. या भावंडांच्या वडिलांची मांजरी गावात रसवंती होती. आमचं लग्न होऊन वर्ष झालं असेल, कुसुम उन्हाळ्यात माहेरी गेली होती. वसंता शाळकरी पोर. वडील जेवायला बसले म्हणून हा ऊस घालायला उभा राहिला आणि चरकानं उसाबरोबर याचा हातही ओढला. स्विच बाहेर खांबावर. तो बंद करायला कुसुम धावली. अंतर फार नव्हतं, अंगणाएवढं होतं. मी नंतर जाऊन बघितलं. पण ती पोचेपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं होतं. त्यानंतर आजतागायत माझ्या बायकोनं उसाचा रस तोंडाला लावलेला नाही. रसवंतीच्या घुंगरांचा आवाज आला की ती रस्त्याची बाजू बदलते. वसंता तिला कधी शब्दानं लागेलसं बोलला नाही. मोठा झाल्यावर एकदा माझ्यापाशी म्हणाला, "दाजी, ताई पळाली ती जीव तोडून पळाली. माणूस याहून जास्त पळूच शकत नाही. माणसानं पळायची वेळच यायला नको. थांबायचं मशीनलाच कळायला हवं."

हे त्यानं डोक्यात धरलं ते धरलंच. इंजिनिअर झाला, एका कारखान्यात कंट्रोल पॅनेलच्या खात्यात लागला. लग्न केलं नाही. मुली बघायला गेलं की समोरची माणसं आधी त्याच्या हाताकडे बघायची, आणि हा मुद्दाम तोच हात चहाच्या कपाकडे न्यायचा. मग देश खुला झाला, बाहेरचा माल यायला लागला, कारखान्यानं माणसं घरी बसवली, त्यात हाही आला. तेव्हापासून तो आमच्याकडेच, दुकानावरच्या खोलीत राहायला आला. बुधवार पेठेतून सुटे भाग आणायचा आणि दिवसभर कथलाचे डाग देत बसायचा. एक दिवस बंगलोरहून कुरिअरनं त्याची एक हिरवी पट्टी आली. मधोमध काळी चौकोनी चिप, तिला चारी बाजूंनी केसासारखे पाय. मी म्हटलं, "हे काय, गोम?" तर म्हणाला, "दाजी, ही मुळात टेलिफोनसाठी केलेली चिप आहे. आवाजाचा हिशेब करते."

"टेलिफोनचं मोटरला काय?"

"आवाज जाता जाता पकडावा लागतो, साठवून ठेवून मग बघू म्हणून चालत नाही. म्हणून हिचा गुणाकार फार चपळ असतो. आणि मोटर करंट खाते ना, तोही एक आवाजच आहे. फक्त आपल्याला ऐकू येत नाही."

त्यानं मला जे समजावलं ते मला समजलं तसं सांगतो. ऊस चरकात गेला की मोटर जास्त करंट ओढते. उसाचं पेर आलं की एक उसळी, मग खाली, पुन्हा पेर, पुन्हा उसळी. उसाची आपली एक चाल असते. बोट गेलं तर ती चाल मोडते. आधी मऊ लागतं, मग हाड लागतं. ही चाल मोडली हे ओळखायचं आणि त्याच क्षणी मोटर थांबवून उलटी फिरवायची. कारखान्यात जे साधे कंट्रोलर वापरत, त्यांचा हिशेब होईतो बोट गेलेलं असतं. ही चिप एका सेकंदात हजारो वेळा करंट बघते, आणि प्रत्येक वेळी पुढचं बघायच्या आत मागचा हिशेब संपवते. तीच ऐकणार आणि तीच मोटर हाकणार. त्याचे जुने सोबती हसायचे, म्हणायचे गाणं ऐकायचा रेडिओ तू बैलाला जुंपतोयस. वसंता त्यांना चहा पाजायचा आणि परत डाग द्यायला बसायचा.

आता भांडणाचं सांगतो, नाहीतर मी गोडगोड लिहिलं असं कुसुम म्हणेल. ती चिप आत बसवून त्यानं एक डबा तयार केला आणि माझ्या हातची एक मोटर त्याला जोडली. मोटर शिट्टी मारल्यासारखी किणकिणायला लागली. मला ते तेव्हाच आवडलं नव्हतं. दोन दिवसांत ती जळाली. वसंता म्हणाला, "दाजी, डब्यातून करंट तुकड्यातुकड्यानं येतो. प्रत्येक तुकडा तारेवरच्या वार्निशला टिचकी मारतो. वार्निशचा एकच हात दिला होता का?" हे मला विचारलं. मला! माझं वायंडिंग जळत नाही, हे अख्ख्या सोलापूर रस्त्याला ठाऊक आहे. मी बोलणं टाकलं. एकाच घरात, एकाच वेळी जेवायला बसायचो आणि मध्ये कुसुम. "त्याला सांग, भाकरी गार होतेय." "ताई, दाजींना सांग, मी घेतलीय." शेवटी तिनं परात आपटली, "तुमी दोगं चरकात घाला एकमेकाला, मी काय न्हाई पळायची स्विच बंद कराया!" इतक्या वर्षांत त्या दिवसाचं ती पहिल्यांदाच थट्टेत बोलली होती... त्या आठवड्यात मी एक मोटर जास्त वार्निश देऊन बांधली. हवा पावसाळी होती म्हणून दिलं. त्याचं पटलं म्हणून नाही. मोटर टिकली. तरी मी त्याला साफ सांगितलं की गिऱ्हाइकाच्या मोटरला हा डबा मी लावणार नाही. जळाली तर नाव डब्याचं जात नाही, माझं जातं. आजही माझं म्हणणं हेच आहे, चूक डब्याची होती.

मग ती एक मोटर आणि डबा घेऊन तो मांजरी रस्त्याच्या तात्यांकडे गेला. तात्या रसवंतीवाले, माळकरी माणूस, माझं जुनं गिऱ्हाईक. "चार दिस लावा," म्हणाले. डबा चालायचा, पण वाकडा किंवा वाळका ऊस आला की बोट समजून थांबायचा. घुंगरं गप्प झाली की बाकावरची माणसं माना वर करून बघायची. तात्या कपाळाला हात लावायचे. "वसंतराव, ह्यो तुमचा डबा लई भित्रा हाय." वसंता म्हणायचा, "तात्या, शंभरदा उगीच थांबला तरी चालेल, एकदा थांबायचा राहायला नको." पण खरं बोट ओळखतो का, हे कळणार कसं? गाजर घालून झालं, केळं घालून झालं. वसंता म्हणाला, हाड हवं. दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, तात्या मागं आडवे झाले होते. हा जाऊन कोंबडीचा पाय घेऊन आला आणि मीही शेजारी उभा राहिलो. तात्यांच्या गळ्यातली माळ आम्ही दोघं इतकी वर्षं बघत होतो. पण त्या क्षणी आम्हाला चरक दिसत होता, दुसरं काही नाही. पाय रुळात टेकला, कातडी जेमतेम दबली आणि चरक थांबून मागं फिरला. वसंता ओरडला, "थांबला! दाजी, थांबला!" तेवढ्या ओरडण्यानं तात्या उठून आले.

"आरं इंजिनेरा! एकादशीला लोक उपासाला माझा रस नेत्यात रं!" मग माझ्याकडे वळले. "मिस्त्री, ह्याला अक्कल न्हाई, तुमाला तर हाय का न्हाई?" डबा त्यांनी स्वतः सोडून रस्त्यावर ठेवला. चरक उकळत्या पाण्यानं धुतला, मग गोमूत्रानं धुतला, पण ही गोष्ट काय लपून राहते? कोंबडीचा रस म्हणून पोरं तात्यांना चिडवायला लागली. त्यांचा तो हंगाम बुडाला. पार हडपसरपासून पुढं कुठल्याही रसवंतीवाल्यानं वसंताला दारात उभं केलं नाही. डबा काम करतो हे ज्या घटकेला कळलं, त्याच घटकेला त्याचं काम संपलं.

पुढं आयटी पार्क झालं आणि याच चिपा जाणणारी माणसं त्यांना हवी होती. वसंताला लगेच घेतलं. परदेशातल्या कपडे धुण्याच्या मशीनचा प्रोग्रॅम तो लिहायचा. आत कपडे किती आहेत, लोकरीचे आहेत का सुती, हे मोटरच्या करंटवरून ओळखायचं. म्हणजे विद्या तीच. मी एकदा विचारलं, "जमतंय ना?" तर म्हणाला, "जमतंय की. तिकडच्या स्वेटरांना आता काही होत नाही." त्याचं हसणं तेव्हापासून असंच झालं होतं. गळ्यात ओळखपत्राचा पट्टा अडकवून सकाळी जायचा, अंधार पडल्यावर यायचा, वरच्या खोलीतला दिवा लावायचा आणि बसून राहायचा. डाग द्यायचा वास यायचा बंद झाला. डबा माझ्या दुकानात खिळ्याला टांगलेला, त्यावर धूळ.

तो गेला त्याच्या आदल्या संध्याकाळी दुकानात आला. हंगामाच्या तोंडावर तात्यांची मोटर जळून आली होती. मी ती नव्यानं भरून बल्बखाली वाळत ठेवली होती. वसंता खाली वाकला, वास घेतला, नख लावून बघितलं.

"दाजी, वार्निशचे तीन हात?"

"असतील."

"एवढं तर डब्यालाही पुरेल."

"डब्यासाठी नाही दिलेलं. मोटरसाठी दिलंय."

मग खिळ्यावरच्या डब्याकडे बघून म्हणाला, "तात्यांची सून असते आता चरकावर. बघितलंत? ऊस सोडतच नाही, पार आतपर्यंत हात नेते... एकदा लावून बघू या का?"

"माझ्या मोटरला डबा लागणार नाही," मी म्हणालो.

"बरं," म्हणाला आणि जिना चढून वर गेला. एवढंच आमचं शेवटचं बोलणं. मी बोललो ते बोललो. माझ्या दुकानात माझाच शब्द चालत आलेला आहे.

आज इतके दिवस झाले, वरची खोली कुसुम रोज झाडते. त्याचं टेबल तिनं हलवलेलं नाही. जेवायला बसल्यावर अजून तिच्या तोंडून जातं, "त्याला सांगा, भाकरी..." आणि ती थांबते. मी खाली बघून जेवतो.

तो गेला त्याच संध्याकाळी त्याला पोचवून आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी घर माणसांनी भरलेलं. मी दुकानाची किल्ली घेतली तशी कुसुम म्हणाली, "आजच्या दिस तरी राहू द्या की वो." मी खाली गेलो. तात्यांच्या मोटरचे राहिलेले दोन बोल्ट आवळले. खिळ्यावरचा डबा काढून फडक्यानं पुसला. मोटर आणि डबा रिक्षात घातले आणि मांजरी रस्त्याला गेलो.

तात्या मला बघून उठलेच. "मिस्त्री? आवो, काल तुमच्या घरी... आन् आज तुमी?"

"मोटर आणलीय."

"आन् ह्यो? ह्यो त्योच कोंबडीचा ना?"

"तोच."

"ह्यो नगं."

"मग मोटरही नको. परत नेतो."

बाकावर दोन-तीन गिऱ्हाइकं बसली होती, ऊस सोलून उभा केलेला. तात्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. मग गळ्यातली माळ सदऱ्याच्या आत सारली आणि बाजूला झाले. मी मोटर बसवली, वसंतानं दाखवल्या होत्या तशा तारा रंगाला रंग लावून जोडल्या. बटण दाबलं. तीच शिट्टी, तीच किणकिण, आणि वर घुंगरं. तात्यांच्या सुनेनं ऊस घातला. अर्धा ऊस गेला आणि चरक थांबला, जरासा मागं फिरला. घुंगरं गप्प झाली.

वाकडं पेर होतं का काय होतं, मी विचारलं नाही. सुनेनं हात बाहेर काढला, उलटासुलटा करून बघितला, पदराला पुसला.

"दाब परत बटण," मी म्हणालो, आणि तिच्या बोटांकडे बघत तिथंच बाकावर बसलो.