गोळीचं वकीलपत्र

"कोणाले काही हरकत हाय काय? नसन तर घेतो मी."

असं म्हणून ती काळ्या कोटाच्या खिशातून गोळ्यांची पट्टी काढायची, सगळ्यांना दिसेल अशी धरायची, अंगठ्यानं एक गोळी बाहेर ढकलायची आणि पाण्याच्या घोटाबरोबर गिळायची. जेवणाचे डबे नुकतेच बंद झालेले असायचे. अमरावतीच्या कोर्टातली महिला वकिलांची ती खोली तेवढ्यापुरती गप्प व्हायची. एरवी ती खोली कशानंच गप्प होत नसे. खून, घटस्फोट, भावाभावांच्या वाटण्या हे सगळं आम्ही लोणच्यासारखं तोंडी लावायचो. पण गर्भनिरोधक गोळी, आणि तीही लग्न न झालेल्या बाईच्या तळहातावर! एवढं तिखट आम्हाला झेपत नव्हतं.

या गोळीची हकीकत आधी सांगते, नाहीतर तुम्हीही आमच्यासारखंच काहीतरी भलतं समजून बसाल.

ती अकोल्याकडच्या तेल्हाऱ्याची. वडील लवकर गेले, आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. आम्ही दोघींनी एकाच सुमारास वकिली सुरू केली आणि भाड्यानं राहायलाही शेजारी शेजारी होतो, त्यामुळे तिचं दुखणं मी भिंतीपलीकडून ऐकलेलं आहे. तिची पाळी सुरू झाली की थांबायचं नावच घ्यायची नाही. चेहरा कागदासारखा व्हायचा. तरी ही कोर्टात हजर. "काळा कोट ज्यानं शोधून काढला," ती म्हणायची, "त्याले माहीत असन का पुढं बाया बी वकील होनार हायेत. डाग दिसत नाई पाह्य."

एकदा पोटगीच्या खटल्यात ती टेबलाला धरून उलटतपासणी घेत होती. समोरचे वकील पुढची तारीख मागत होते. ही सोडेना. "आजच होऊ द्या साहेब, बाई चांदूर रेल्वेहून पहिल्या गाडीनं आली हाय," एवढं म्हणाली आणि खाली बसली. तिथे खुर्ची नव्हती.

त्या दिवशी सगळ्यांना तिचा फार कळवळा आला. कुणी बिटाचा रस सुचवला, कुणी गूळ-शेंगदाणे, कुणी एका महाराजांचा अंगारा. डॉक्टरांचं नाव मात्र कुणाच्या तोंडी आलं नाही, कारण बायकांचं रक्त जायचंच असतं, त्यात डॉक्टरला काय त्रास द्यायचा! मीच तिला रिक्षात घालून एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी रक्त तपासलं, सोनोग्राफी केली, ब्लडप्रेशर मोजलं, घरात कुणाला रक्ताच्या गुठळ्यांचा त्रास होता का ते विचारलं, आणि मग म्हणाल्या, "ही गोळी गर्भनिरोधक आहे, पण तुम्हाला मी रक्तस्राव आटोक्यात आणायला देते आहे. अधूनमधून ब्लडप्रेशर दाखवून जा. वेगळंच डोकं दुखायला लागलं, डोळ्यांपुढे चमकायला लागलं, पाय सुजला, तर लगेच यायचं."

काही महिन्यांत तिच्या ओठांना रंग आला. कोर्टाचा जिना ती न थांबता चढू लागली.

आता गंमत पाहा. ती रक्तानं भिजत होती तेव्हा कुणाचं काहीच मत नव्हतं. रक्त थांबलं आणि सगळ्यांना मतं फुटली.

मेडिकलवाला पट्टी आधी वर्तमानपत्रात गुंडाळायचा, मग काळ्या पिशवीत घालायचा आणि इकडेतिकडे बघून सरकवायचा. "गावठी कट्टा देऊन राहिला काय बापू मले?" ती दुकानभर ऐकू जाईल असं विचारायची. एकदा त्यानं चाचरत विचारलं, "मॅडम, साहेबांनी सांगितली का ही?"

"साहेब नाई हाय मले. गर्भाशय हाय. त्यानं सांगतली."

आमच्या खोलीत तर रोज नवा वैद्यकीय शोध लागायचा. या गोळीनं कॅन्सर होतो, पोट सुटतं, दाढी येते, पुढे लेकरू होत नाही. प्रत्येकीकडे एखादी नणंदेची जाऊ असायची, जिचं या गोळीनं वाटोळं झालेलं होतं. "साक्षीदार हजर कर, मी उलटतपासणी घेतो," ती म्हणायची. एक ज्येष्ठ वकीलबाई मायेनं म्हणाल्या, "अगं, लग्न झाल्यावर घे ना."

"म्हणजे लगनापर्यंत वाहू देऊ म्हनता?"

अशी रोज भांडता भांडता ती त्या गोळीची वकीलच झाली. "मी तिचं वकीलपत्र घेतलं हाय," असं अभिमानानं सांगायची. हे तेव्हा आम्हाला विनोदी वाटायचं.

मग अकोल्याचं स्थळ आलं. मुलगा इंजिनिअर, सरकारी नोकरी, घर पुरोगामी. आम्ही त्यांच्या घरी गेलो तेव्हा ते पुरोगामी आहेत हे त्यांनी स्वतःच, चहा येण्याच्या आत, दोनदा सांगितलं. आईनं तिला निघताना विनवलं होतं, "पट्टी घरीच ठेव व बाई." पण तिनं मुलाच्या आईला सरळ सांगून टाकलं. आजार कोणता, गोळी कोणती, कशासाठी. मी सोबत होते. मुलगा त्या वेळी पंख्याकडे बघत होता. पंखा बंद होता.

"आम्ही काही जुन्या विचारांचे नाही," मुलाची आई गोड हसून म्हणाली. "शिका, वकिली करा, कोर्टात जा. फक्त ते तेवढं बंद करा. सुनेच्या पोटात असल्या गोळ्या नकोत. लग्नानंतर सगळं आपोआप ठीक होतं."

तिनं नकार द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात आईनं तिचा हात दाबला. परत येताना एसटीत आई नुसती डोळे पुसत राहिली. आईच्या डोळ्यांपुढे तिचा युक्तिवाद चालत नसे. डॉक्टरीणबाईंना न विचारता तिनं गोळी सोडली आणि लग्न ठरलं.

पुढचं तुम्हाला सांगायला नको. लग्नाच्या साड्या घ्यायला आम्ही दोन्हीकडची मंडळी अकोल्याला जमलो तेव्हा तिला दुकानाची पायरी चढवेना. आत गादीवर बसली ती बसलीच. समोर शालूंचा ढीग, दुकानदार एकेक घडी उलगडून दाखवतोय, आणि हिच्या कपाळावर घाम. हळूच माझ्या कानात म्हणाली, "मी उठली तर गादी खराब झालेली दिसन."

काय झालं ते मुलाच्या आईला कळलं. तिनं दुकानदाराकडे बघितलं, मग गादीकडे, आणि दबक्या आवाजात म्हणाली, "एवढा आजार आहे हे आधी सांगायला पाहिजे होतं तुम्ही."

तिची आई म्हणजे साधी बाई. सगळ्यांना हात जोडून 'जयभीम' म्हणणारी, जन्मात कुणाला वर तोंड करून न बोललेली. तिनं हातातली लाल साडी खाली ठेवली.

"सांगतलं होतं," आई म्हणाली. "तुमीच म्हटलं, बंद कर. मी बी म्हटलं, बंद कर. आपन दोघी बायाच हाओत नं? मंग आपल्याले समजाले पायजे होतं." मग दुकानदाराला म्हणाली, "भाऊ, ते लाल लुगडं बांधू नका. आमाले नाई पायजे." आणि अंगावरची शाल काढून लेकीच्या कमरेला गुंडाळली.

लग्न तिथंच मोडलं. मुलगा दुकानाबाहेर मोटारसायकलवर बसून होता. त्याला विचारायचं कुणालाच सुचलं नाही, आणि त्यालाही आत यायचं सुचलं नाही.

डॉक्टरीणबाई रागावल्या, गोळी परत सुरू झाली, आणि ती पुन्हा जिने चढू लागली. पण आता ती गोळीची नुसती वकील राहिली नव्हती. जिच्यासाठी लग्न मोडलं तिच्याबद्दल एक वाकडा शब्द तिला खपत नसे. ब्लडप्रेशर दाखवायला जाणं हळूहळू बंद झालं. "कायले जाऊ? बरी तं हावो मी."

पस्तिशी ओलांडली आणि तिचं डोकं दुखायला लागलं. साधं नाही. आधी डोळ्यांपुढे नागमोडी चमक यायची, "विजेची तार तुटल्यावानी," असं ती सांगायची, आणि मग अर्धं डोकं ठणकायचं. तिनं आरोपी भराभर धरले. कोर्टातली फडफडणारी ट्यूबलाइट. अमरावतीचं ऊन. आमच्या एका न्यायाधीशांचं अक्षर. मी म्हटलं, "अगं, डॉक्टरीणबाईंनी हेच सांगितलं होतं. चमकलं तर या म्हणून."

"मी गेली का त्या म्हनतीन, गोळी बंद. अन् मंग खोलीतल्या समद्या बाया पेढे वाटतीन. आपल्याच पक्षकाराविरुद्ध मी साक्ष देऊ काय?"

मी पुन्हा सांगितलं. तिनं पुन्हा तेच उत्तर दिलं. वकिलाशी वाद घालू नये म्हणतात, आणि मी तर रोज तेच करायची.

दुपारची वेळ होती. ती युक्तिवाद करत होती आणि तिच्या उजव्या हातातली फाइल घसरून खाली पडली. तिनं ती उचलली नाही. "साहेब, माझी पक्षकार..." एवढं नीट म्हणाली आणि पुढे "पंखा... पाणी... परवा..." असलं काहीतरी बोलू लागली. समोरच्या वकिलांना वाटलं, हा काही नवा डाव आहे. ते उठून हरकत घेत होते. मला तिच्या ओठांचा एक कोपरा खाली आलेला दिसला. आम्ही दोघी-तिघींनी तिला उचलूनच बाहेर नेलं.

मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली होती. वेळेत आणलं म्हणून निभावलं, असं डॉक्टर म्हणाले. कोणत्या गोळ्या चालू आहेत, हे विचारलं, आणि डोळ्यांपुढे चमक यायची का, हेही. मी हो म्हटल्यावर ते म्हणाले, "गोळी वाईट नाही. लाखो बायका घेतात, काही होत नाही त्यांना. पण अशी चमक येऊन डोकं दुखणाऱ्या बाईनं ही गोळी घ्यायची नसते. चमक सुरू झाली त्याच दिवशी गोळी बंद व्हायला हवी होती."

काही दिवसांनी तिचे शब्द परत येऊ लागले, एकेक करून, उशिरा येणाऱ्या साक्षीदारांसारखे. माझ्याकडे बघून तिनं जुळवलेलं पहिलं अख्खं वाक्य असं होतं, "सांगतलं... होतं... म्हनू नको."

मी म्हटलं नाही. ते म्हणायला आमची अख्खी खोली सफरचंदं घेऊन आली. "आम्ही बजावलंच होतं," ज्येष्ठ बाई कॉटशी बसत म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर काळजी होती, नाही असं नाही, पण तिच्या मागून समाधानही डोकावत होतं.

ती उशीवरून सावकाश म्हणाली, "तुमी... कॅन्सर म्हटला. दाढी म्हटली. हे... कोनं म्हटलं होतं?"

सफरचंदं ठेवून मंडळी गेली. दार लागल्यावर मात्र ती भिंतीकडे तोंड करून रडली. मी तिला तसं रडताना कधी पाहिलं नव्हतं. "जिच्यासाठी नवरा सोडला व," ती म्हणाली, "तिनंच मले सोडलं." मग तोंड पुसून, "तिचा काय दोष? औषधच होतं थे. मीच त्याची इज्जत करून ठेवली."

रक्तस्रावासाठी डॉक्टरीणबाईंनी पुढे दुसरा उपाय केला. तांबीसारखं दिसणारं, पण औषध असलेलं एक साधन गर्भाशयात बसवलं. ते लागू पडलं. ती कोर्टात परत आली. उजव्या हाताची बोटं आखडलेली आणि थकली की जीभ जड.

एके दिवशी आमच्या खोलीतली एक नवी वकील, नुकतंच लग्न झालेली, बाथरूममध्ये जाऊन गोळी घेऊन आली. हिनं तिला जवळ बोलावलं. "बीपी मोजलं काय तुहं? डोळ्याइपुढं चमकते काय कधी?" पोरगी घाबरून नाही म्हणाली. "सहा महिन्यानं पुन्हा मोजून घेजो. अन् चमकलं तं कोनाची इज्जत पाहू नको, सरळ डॉक्टरकडे जाजो. बाकी इथं बसून घेत जा. बाथरूम का गोळी घ्याची जागा हाय?"

कोर्टाला मात्र हळू बोलणारा वकील परवडत नाही. न्यायाधीश चांगले होते, ते तिचं वाक्य पुरं होईपर्यंत नम्रपणे घड्याळाकडे बघायचे. पक्षकारही चांगले होते, फाइल दुसऱ्याकडे नेताना तिच्या पाया पडून जायचे. आई थकली होतीच. हिनं आईकडे तेल्हाऱ्याला जायचं ठरवलं, तिथं जमेल तेवढी वकिली करू म्हणाली.

मी तिला स्टँडवर सोडायला गेले. बस भरली होती. तिला खिडकीची जागा मिळाली, पण काच घट्ट बसलेली. ती उजव्या हातानंच ती काच सरकवू लागली. बोटं काचेवरून निसटत होती. मी बाहेरून टाचा उंचावून काचेला हात लावला, तशी ती आतून डोळे वटारून काहीतरी म्हणाली. काच बंद होती, मला ऐकू आलं नाही, पण ओठांवरून कळलं, "सोड व."

मी हात काढला. कंडक्टरनं घंटी दिली. बस वळून फाटकाबाहेर गेली तेव्हा काच जेमतेम बोटभर उघडली होती, आणि ती माझ्याकडे बघायचंही विसरून, खालचा ओठ दाताखाली धरून, ती काच ओढतच होती.